जॉर्ज लव्हलेस : शेतमजूर व उपदेशक

इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे इ. स. १७९७ त जॉर्ज लव्हलेस ह्यांचा जन्म झाला. ते नांगर धरणारे शेतमजूर होते. तथापि स्वकष्टाने अभ्यास करून त्यांनी धर्मज्ञानाच्या पुस्तकांचा लहानसा संग्रह केला, आणि मेथॉडिस्ट मंडळीत ते उपदेशक झाले. आठवडाभर शेतात राबावे व प्रभुवारी देवाचे वचन सांगावे, असा त्यांचा क्रम असे.

तेथील शेतमालकांनी मजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ केली, आणि पुढे ६ च मिळतील असे बजावले. एवढ्यात मुलाबाळांच्या पोटास भाकर मिळेना. तेव्हा १८३३ त लव्हलेस ह्यांनी शेजाऱ्यांस जमवून मजुरांचा संघ स्थापिला. दंगा करावयाचा नाही, गंजीस आग लावावयाची नाही. एकजुटीने रास्त मजुरी मागावी, एवढाच त्यांचा हेतु होता.

संघ स्थापणे हा त्या वेळी गुन्हा नव्हता. परंतु सभासद होताना गुप्ततेची शपथ घेत असत, आणि हेच छिद्र विरोधकांस सापडले. खलाशांच्या बंडामुळे १७९७ त केलेला शपथेचा कायदा ह्या गरिबांस लावण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी लव्हलेस, त्यांचे बंधु जेम्स व दुसरे चार जण पकडले गेले. मार्चमध्ये डॉर्चेस्टर येथे सहाही जणांस सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आपण कोणाच्या देहास, मालमत्तेस किंवा अब्रूस धक्का लावला नाही, बायकामुलांस उपासमारीपासून वाचवावे म्हणूनच एकत्र आलो, असे लव्हलेस ह्यांनी न्यायाधीशास लिहून कळविले. त्याचा उपयोग झाला नाही. इकडे त्यांच्या कुटुंबांस गरिबांकरिता असलेली मदतही नाकारण्यात आली.

लव्हलेस ह्यांस टास्मानिया बेटात बेड्या घालून रस्त्याच्या कामास लाविले. पुढे सरकारी शेतावर ठेविले. पण २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनात हजारो कामकऱ्यांनी त्यांच्यासाठी मिरवणूक काढिली, व अर्जांवर अर्ज गेले. अखेर मार्च १८३६ त पूर्ण माफी मिळाली, आणि जून १८३७ त ते स्वदेशी परतले. नंतर ते सहकुटुंब कानडा देशात शेती करून राहिले व तेथेच १८७४ त प्रभूमध्ये निजले.

उपदेशकाने मजुरीच्या गोष्टीत पडू नये, असे काहीजण म्हणतात. आम्ही त्यांस याकोबाचे पत्र वाचावयाची विनंती करितो. मजुराची अडकवून ठेविलेली मजुरी देवापुढे ओरडते, हे त्यात स्पष्ट आहे. मात्र जे मागावयाचे ते उघडपणे मागावे. गुप्तपणाने न्याय्य कामासही अपाय होतो, हेही ह्या चरित्रावरून आम्ही शिकावे.