भिंतीविना तुरुंग आणि व्ही. शांताराम

कोल्हापूरने देशाला दिलेल्या कलावंतांमध्ये चित्रपती व्ही. शांताराम यांचे नाव आम्ही आदराने घेतो. शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत ते घडले. १९२९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ मध्ये ही संस्था पुण्यास गेली आणि १९४२ साली शांतारामांनी मुंबईत ‘राजकमल’ उभारले.

त्यांच्या एका चित्रपटाचे मूळ मात्र तुरुंगात आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तेथे कैदी विश्वासावर राहत आणि शेती करीत. आटपाडी परिसरातच वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली. तिच्यावर शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला आणि त्यातील जेलरची भूमिकाही स्वतःच केली. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

चित्रपटातील जेलर सहा खुन्यांना उजाड माळावर नेतो आणि घाम गाळून अन्न पिकवायला शिकवतो. पुढे बाजारात मार खाऊनही ते सहाजण हात उगारत नाहीत, कारण त्यांनी तसा शब्द दिलेला असतो. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ साली बर्लिन महोत्सवात त्यास रौप्य अस्वल लाभले, तसेच आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेनेही त्याचा गौरव केला. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

शांताराम ३० ऑक्टोबर १९९० रोजी निवर्तले. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

शिक्षेचा धाक हात आवरतो, परंतु माणूस बदलतो तो त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाने, हे या चित्रपटाचे सांगणे आम्हांस पटते. तथापि ज्यांची माणसे मारली गेली, त्या घरांचे दुःख त्यात फारसे दिसत नाही. त्यांचे ऐकून घेतल्यावाचून न्याय पुरा होत नाही. आणि शिक्षा भोगून गावी परतलेल्या माणसाला काम कोण देणार, हा प्रश्न कायद्यापेक्षा आपल्याच दाराशी अधिक येतो. चित्रपटातल्या त्या बाजारात आपण कोणत्या बाजूस उभे राहिलो असतो, याचा वाचकांनी विचार करावा.