क्लेरव्होचे मठाधिपती संत बर्नार्ड

ज्युबिलीच्या वर्षी देवालयाचा पाया कोणी घातला, वेदी कोणी उभारली, घंटा केव्हा आली, ह्याचे स्मरण आपण आदरपूर्वक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ दगडचुन्याची इमारत नव्हे. एका पित्याच्या छत्राखाली नांदणारे ते एक कुटुंब होय. असा पिता कसा घडतो, हे संत बर्नार्ड ह्यांच्या चरित्रावरून फार स्पष्ट दिसते, म्हणून ते येथे थोडक्यात सादर केले आहे. मठाधिपती ह्या पदासाठी युरोपातील भाषांत जो शब्द रूढ आहे, त्याचे मूळ अब्बा ह्या अरामी शब्दात आहे, आणि अब्बा म्हणजे बाप. बर्नार्ड हे वयाच्या पंचविशीतच मठाधिपती झाले. परंतु बाप होण्यास त्यांना पुढील पुष्कळ वर्षे लागली.

त्यांचा जन्म 1090 साली फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात, दिजाँ शहराजवळील फोंतेन येथे एका सरदार घराण्यात झाला. पित्याचे नाव तेसेलँ व मातेचे अलेत. सात भावंडांत ते तिसरे होते. धर्मशील मातेचे छत्र तरुणपणीच हरपले, आणि त्या दुःखाने त्यांचे चित्त संसारातून उठले. त्या काळी जवळच सितो येथे एक नवा मठ होता. संत बेनेदिक्त ह्यांची नियमावली काटेकोरपणे पाळावी, ह्या हेतूने तो 1098 साली स्थापन झाला होता. परंतु तेथील आचार इतका खडतर की नवे उमेदवार क्वचितच येत. स्टीफन हार्डिंग हे इंग्रज साधू तेथे मठाधिपती असता, 1113 च्या सुमारास बर्नार्ड त्या दाराशी येऊन उभे राहिले. आणि ते एकटे नव्हते. भाऊ, मामा, आप्त व मित्र मिळून सुमारे तीस जण त्यांच्यासमवेत होते. घरी राहिलेल्या धाकट्या निवार्डला, आता सारी जमीन तुझीच, असे वडील भावांनी सांगितले तेव्हा, स्वर्ग तुम्ही घेता आणि माती मला देता, ही वाटणी न्यायाची नाही, अशा अर्थाचे उत्तर त्या बालकाने दिल्याचे जुने चरित्रकार सांगतात. पुढे तोही मठात आला, आणि वृद्ध पिताही आला.

दोनच वर्षांनी, 1115 साली, स्टीफन ह्यांनी बर्नार्ड ह्यांना बारा साधूंचे प्रमुख नेमून नवा मठ वसविण्यास पाठविले. शँपेन प्रांतात ओब नदीच्या बाजूस एक रानवट खोरे होते. तेथे त्यांनी लाकडी झोपड्या उभारल्या, आणि त्या स्थळास क्लेरव्हो, म्हणजे प्रकाशमय दरी, हे नाव पडले. आरंभीची वर्षे घोर दारिद्र्याची गेली. सातू व भरड धान्याची जाडीभरडी भाकरी, आणि बीच नावाच्या रानवृक्षाची पाने उकडून केलेली भाजी, एवढ्यावर साधूंनी दिवस काढले.

परंतु त्या साधूंना उपासमारीपेक्षाही जड गेली ती त्यांच्या तरुण मठाधिपतीची कठोरता. बर्नार्ड हे स्वतःच्या देहाची पर्वा करीत नसत, आणि इतरांनीही ती करू नये अशी त्यांची अपेक्षा असे. साधू आपल्या मनातील साधे मोह त्यांच्यापुढे कबूल करीत, तेव्हा ख्रिस्ताच्या सेवकांस असे मोह व्हावेतच कसे, ह्याचे त्यांना नवल वाटे. परिणामी साधू खचून गेले. तथापि त्यांनी नम्रपणाने सारे सोसले, आणि त्या नम्रतेनेच मठाधिपतीचे डोळे उघडले. जे आपणास साधले नाही ते आपण दुसऱ्यांकडून मागत आहो, हे त्यांच्या ध्यानी आले. अतिरेकी उपवासांनी त्यांची पचनशक्ती तर कायमची बिघडली होती. शेवटी शालाँचे बिशप विल्यम ह्यांनी वरिष्ठांची संमती मिळवून त्यांना एक वर्ष मठाबाहेरील झोपडीत विश्रांती घ्यावयास लावली. आज्ञा करणाऱ्याने आज्ञा पाळावयास शिकावे, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

ह्याहून खोल घाव रॉबर्ट नावाच्या तरुण आप्ताने दिला. मठातील कडक जिणे असह्य होऊन तो क्लुनीच्या अधिक सौम्य व संपन्न मठात निघून गेला. बर्नार्ड ह्यांनी त्याला लिहिलेले दीर्घ पत्र त्यांच्या पत्रसंग्रहात पहिले म्हणून छापले जाते. क्लुनीवर त्यात तीक्ष्ण टीका आहेच. परंतु आपण फार कठोर वागलो, म्हणून हा मुलगा गेला, अशी कबुलीही त्यात आहे, आणि आता तो परत आल्यास त्याच्याशी प्रेमाने वागण्याचे वचन आहे. मठाधिपतीने आपल्याच शिष्यापुढे दोष पत्करावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पुढे क्लुनीचे मठाधिपती पीटर ह्यांच्या कारकिर्दीत रॉबर्ट क्लेरव्होस परतला, आणि कालांतराने स्वतःही एका मठाचा अधिपती झाला.

ज्या मठातून साधू खचून पळत होते, त्याच मठात आता माणसे मावेनाशी झाली. क्लेरव्होतून साधूंच्या तुकड्या देशोदेशी गेल्या. इंग्लंडमध्ये रीव्हो येथे 1132 साली, आयर्लंडमध्ये मेलिफाँट येथे 1142 साली मठ उभे राहिले. प्रत्येक कन्यामठाला त्याच्या मातृमठाच्या अधिपतीने दरवर्षी भेट द्यावी, आणि सर्व मठाधिपतींनी वर्षातून एकदा सितो येथे जमावे, अशी त्या संघाची व्यवस्था होती. स्थापना करून मोकळे होणे हे काम नसून, स्थापिलेल्याची काळजी वाहणे हे काम होय, हे तिचे मर्म. क्लेरव्होचे जुने आवार अपुरे पडू लागले, तेव्हा 1135 साली नव्या जागी मोठी बांधणी करावी असा सहकाऱ्यांनी आग्रह धरला. दगडी इमारती एकदा श्रमाने व खर्चाने उभारल्या असता त्या टाकून देणे बर्नार्ड ह्यांना प्रथम रुचले नाही. परंतु येणाऱ्या मुलांना घरात जागा नाही हे पटताच त्यांनी संमती दिली.

त्याच वर्षी त्यांनी गीतरत्न ह्या पवित्र ग्रंथावर मठवासीयांना प्रवचने देण्यास आरंभ केला. त्यांतील 86 प्रवचने झाली, तरी ग्रंथ अपुराच राहिला. 1138 साली मठाच्या कोठीचा कारभार पाहणारा त्यांचा सख्खा भाऊ जेरार्ड मरण पावला. दफनाच्या वेळी बर्नार्ड ह्यांनी अश्रू आवरले. परंतु पुढे प्रवचन चालू असता शब्द थांबले, आणि सर्वांदेखत ते भावासाठी शोक करू लागले. ज्याला एके काळी दुसऱ्याचे दुबळेपण कळत नव्हते, तो आता आपले दुबळेपण मुलांपासून लपवीत नव्हता.

1130 साली दोन पोप निवडले गेले, तेव्हा दुसरे इनोसंट ह्यांच्या बाजूने बर्नार्ड ह्यांनी राजेरजवाड्यांची मने वळविली. ती दुही 1138 साली मिटली. त्यांची वाणी कित्येकदा फार तिखट होई. पीटर अबेलार्ड ह्या पंडिताशी त्यांचा मोठा वाद झाला. क्लुनीच्या पीटर ह्यांच्या खटपटीने अखेर दोघांचा समेट झाला. 1145 साली त्यांचाच एक शिष्य तिसरे युजिन ह्या नावाने पोप झाला. त्यांच्यासाठी बर्नार्ड ह्यांनी चिंतनाविषयी पाच भागांचा ग्रंथ लिहिला. कामाच्या रगाड्यात स्वतःच्या आत्म्यास विसरू नये, असा त्याचा आशय आहे. पोपलाही त्यांनी पित्याच्याच नात्याने उपदेश केला.

युजिन ह्यांच्या आज्ञेवरून त्यांनी 31 मार्च 1146 रोजी, ईस्टरच्या दिवशी, व्हेझले येथे दुसऱ्या क्रूसयुद्धाची घोषणा केली. त्या उन्मादात राडुल्फ नावाचा एक साधू ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू लोकांची कत्तल करण्यास लोकांना चिथावू लागला. हे कळताच बर्नार्ड ह्यांनी निषेधाची पत्रे पाठविली, आणि मग स्वतः माइंत्स येथे जाऊन त्याला त्याच्या मठात परत धाडले. एका ज्यू इतिहासकाराने त्यांचे हे उपकार कृतज्ञतेने नोंदून ठेवले आहेत. पण ते युद्ध 1149 पर्यंत पुरते फसले. ज्या विधवांचे पती परतले नाहीत, त्यांच्या शोकाचा बोल बर्नार्ड ह्यांना लागला. योद्ध्यांच्या पापांकडे त्यांनी बोट दाखविले खरे. तरी परमेश्वराला दूषण लागण्यापेक्षा ते आपणास लागलेले बरे, असे म्हणून त्यांनी तो भार उचलला. आज तलवारीने धर्म राखण्याची कल्पना ख्रिस्तसभेला मान्य नाही, आणि संतांच्या हातूनही काळाच्या समजुतीचे ओझे सुटत नाही, हे आपण ओळखावे.

20 ऑगस्ट 1153 रोजी क्लेरव्हो येथेच त्यांनी देह ठेवला. त्या वेळी सिस्टर्शियन संघाच्या एकंदर मठांपैकी जवळजवळ निम्मे क्लेरव्होच्या वंशातील होते. 1174 साली त्यांना संतपद मिळाले, आणि 1830 साली पोप आठवे पायस ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित केले. त्यांचा सण 20 ऑगस्ट रोजी पाळला जातो.

आणि त्यांनी उभारलेल्या दगडांचे काय झाले? फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला, 1808 साली त्याचा तुरुंग झाला, मोठे मंदिर जमीनदोस्त करण्यात आले. पुढे 2023 साली तो तुरुंगही बंद झाला. परंतु त्या दरीतून निघालेला वंश अद्याप प्रार्थना करीत आहे. आपल्या देवालयाच्या भिंती शतकानुशतके टिकोत अशी आपली प्रार्थना असावीच; परंतु त्या भिंतींच्या आत जे दुबळे, रुसलेले किंवा दूर गेलेले आहेत, त्यांना परत बोलाविण्याइतके मन परमेश्वर आपल्या पाळकांस आणि आपणा सर्वांस देवो. क्लेरव्होच्या ह्या पित्याच्या मध्यस्थीने ही कृपा आपल्या धर्मग्रामास लाभो.