विल्यम प्लेफेअर

गणिताच्या तासाला आलेखवहीवर आपण रेषा ओढतो, तेव्हा देशाचा जमाखर्चही अशाच रेषांत मांडता येईल हे प्रथम कोणी दाखवून दिले, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. तो मान विल्यम प्लेफेअर ह्याचा आहे.

त्याचा जन्म १७५९ साली स्कॉटलंडात डंडी शहराजवळ झाला. वडील धर्मोपदेशक होते. १७७२ साली ते वारले आणि विल्यमचा सांभाळ थोरला भाऊ जॉन ह्याने केला. पुढे गणिती म्हणून नावारूपास आलेल्या ह्या भावाने धाकट्याकडून रोजचे उष्णतामान टिपून घेतले व त्यातील चढउतार रेषांनी दाखवावयास लावले. ह्या लहानशा अभ्यासाचे ऋण विल्यम कधी विसरला नाही.

१७७७ साली तो बर्मिंगहॅम येथे जेम्स वॉटच्या हाताखाली नकाशे काढू लागला. पुढे १७८६ साली लंडनमध्ये त्याचा व्यापारविषयक आलेखसंग्रह प्रसिद्ध झाला. आडव्या अंगास वर्षे, उभ्या अंगास पौंड. एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची. पण खरी खुबी त्या दोन रेषांमधील जागेत आहे. डेन्मार्क व नॉर्वे ह्यांच्याशी झालेल्या व्यापाराचा आलेख पाहावा. १७०० पासून निम्म्या शतकापर्यंत आयातीची रेषा वर आहे. तेथील जागेस एक रंग, म्हणजे व्यापार इंग्लंडच्या तोट्याचा. मग रेषा एकमेकींस छेदतात, रंग पालटतो आणि नफा सुरू होतो. ऐंशी वर्षांची कहाणी आकडा न वाचताही कळते. आज संगणकास चार ओळींची आज्ञा लिहून दिली की अशी जागा क्षणात रंगून निघते. तेव्हा मात्र ताम्रपटावरून छापलेल्या प्रत्येक प्रतीत रंग हाताने भरावा लागे.

स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती आल्यामुळे रेषा ओढता येईना, म्हणून त्याने आडवे स्तंभ काढले. अडचणीतून जन्मलेला हा स्तंभालेख त्याला स्वतःला दुय्यम वाटे! १८०१ च्या पुस्तकात त्याने वर्तुळाचे भाग पाडून वृत्तालेखही दिला. त्याच पुस्तकाच्या शेवटी हिंदुस्थानातील सत्तांचे सामर्थ्यही मांडलेले आहे. तेव्हा पुण्यास पेशवाई होती.

व्यवहारात मात्र त्याला यश नव्हते. पॅरिसमधील जमीनविक्रीचा उद्योग फसला, लंडनमध्ये काढलेली पेढी बुडाली, कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला. दुसऱ्यांचे नफेतोटे रंगवून दाखविणाऱ्यास स्वतःचा हिशेब साधला नाही.

१८२१ साली, साठी उलटल्यावर, त्याने १५६५ पासूनच्या गव्हाच्या किमती स्तंभांनी, मजुरी रेषेने आणि माथ्यावर राजेराण्यांच्या कारकीर्दी पट्ट्यांनी दाखविल्या. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी इतका स्वस्त कधीच नव्हता, हे त्याला सांगावयाचे होते. ते त्या आलेखात चटकन दिसत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण अडीचशे वर्षे एका पानावर आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १८२३ मध्ये, लंडन येथे दारिद्र्यात त्याचा अंत झाला.