हॅकर ओळखणाऱ्या गणिताच्या मुळाशी पुण्याचा एक प्राध्यापक आहे, पण त्याचं नाव फार कुणी घेत नाही

समजा, तुम्ही खुटबावचे आहात. रोज सकाळी दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीसाठी स्टेशनवर थांबता. सोमवारी गर्दी किती आणि रविवारी किती, हे तुम्हाला न मोजताही माहीत असतं. आता एखाद्या रात्री दोन वाजता त्याच प्लॅटफॉर्मवर दोनशे माणसं दिसली तर? एकही चेहरा ओळखीचा नसला तरी काहीतरी गडबड आहे, हे लगेच कळतं.

सायबर सुरक्षेच्या संशोधनाचा मोठा भाग याच विचारावर उभा आहे. प्रत्येक हॅकर आधीपासून माहितीतला नसतो. म्हणून नेटवर्कवरची रोजची ये-जा मोजायची आणि त्यात न बसणारं काही दिसलं की सावध व्हायचं.

पण डेटाच्या एवढ्या ढिगाऱ्यातून 'रोजचं' काय ते शोधायचं कसं? त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गणिताच्या मुळाशी जे लोक आहेत, त्यातलं एक नाव म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन भारतात परतले. बनारस आणि अलीगढला शिकवून झाल्यावर 1933 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले.

इथं त्यांना नाद लागला जुन्या नाण्यांचा. तक्षशिलेत सापडलेली चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. शिवाय त्या काळी नाणं खरं आहे का, हे तपासणारे लोक त्याच्या मागच्या बाजूला बारीक खूण ठोकायचे. कोसंबींना दिसलं की जितक्या खुणा जास्त, तितकं सरासरी वजन कमी. कुठल्या राजाचं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे त्यांनी अंदाजाने न सांगता मोजून मांडलं.

मग आलं 1943 साल. सतत बदलणाऱ्या, वरवर गोंधळ वाटणाऱ्या गोष्टीची मोजक्या मूळ आकृत्यांमध्ये फोड करता येते, हे त्यांनी एका शोधनिबंधात मांडलं. काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे तिथंच पोहोचले. जगभरच्या पुस्तकांत बहुतेकदा या दोघांचीच नावं छापली गेली. कोसंबींचं नाव काही जण आता पुढे जोडतात.

2004 च्या सुमारास संशोधकांनी याच जातीचं गणित इंटरनेटच्या वाहतुकीला लावलं. नेहमीच्या आकृत्या बाजूला काढल्या की जे उरतं, त्यात गडबड दिसते. कोसंबींनी सायबर सुरक्षेवर काम केलं असं नाही. त्यांच्या काळी हा शब्दच नव्हता. पण 1948-49 मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते परदेशात गेले होते, तेही इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला.

1945 पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. डेक्कन क्वीनने पुण्याहून ये-जा करायचे. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताच्या कामाची, हे ते उघड बोलायचे. संस्थेशी संबंध ताणले गेले. त्यात 1959 मध्ये त्यांनी अविभाज्य संख्यांशी निगडित रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा छापला, आणि इतर गणितज्ञांच्या तपासणीत तो टिकला नाही. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. 29 जून 1966 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त 58.

आता वाटेल, चुकलेला दावा कशाला सांगायचा? कारण सायबर सुरक्षेच्या संशोधनाचं तत्त्वही तेच आहे. अमुक सिस्टिम सुरक्षित आहे, असं कुणीही सांगितलं तरी ते इतरांना तपासता आलं पाहिजे. सांगणारा कितीही मोठा असला तरी. नाण्यावर खूण ठोकणारे तेच करायचे. कोसंबींचं 1943 चं गणित त्या तपासणीत टिकलं, 1959 चं टिकलं नाही.

पुढच्या वेळी बँकेचा मेसेज आला की तुमच्या खात्यावर नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार झालाय, तर तराजू घेऊन नाणी तोलत बसलेला पुण्याचा हा प्राध्यापक आठवा.