ऋत्विक घटक : पडदा आणि फळा

ऋत्विक घटकांचे नाव मी प्रथम ऐकले ते ‘मधुमती’च्या निमित्ताने. १९५८ साली गाजलेल्या त्या हिंदी चित्रपटाची कथा त्यांची. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा ‘अजांत्रिक’ पडद्यावर आला. एक टॅक्सीवाला आणि त्याची खटारा मोटार यांच्या जिव्हाळ्याची ही गोष्ट. त्या मोटारीचे कण्हणे-कुरकुरणे माणसाच्या बोलण्यासारखे ऐकू येते. ‘मधुमती’ला लोकांनी डोक्यावर घेतले, ‘अजांत्रिक’कडे पाठ फिरवली. दुसरा कोणी असता तर यावरून शहाणा होऊन मुंबईत स्थिरावला असता. घटक कलकत्त्यातच राहिले.

त्यांचा जन्म १९२५ सालचा, ढाक्याचा. १९४७ च्या फाळणीने ते गाव परदेशात गेले, आणि ही जखम त्यांच्या चित्रपटांतून अखेरपर्यंत वाहत राहिली. ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) पद्मा नदीच्या काठी येऊन संपलेला लोहमार्ग आहे. कॅमेरा त्या रुळांवरून वेगाने धावतो आणि शेवटच्या अडसराशी पडदा काळा होतो. मी सीमाभागात वाढलो. पण आमची सीमा एस.टी.च्या तिकिटात ओलांडता येते. त्या काळ्या पडद्याने मला सीमा या शब्दाचा दुसरा अर्थ शिकवला.

‘मेघे ढाका तारा’ (१९६०) लोकांना आवडला. ‘कोमल गांधार’ मात्र साफ पडला. ‘सुवर्णरेखा’ १९६२ मध्ये पुरा होऊनही १९६५ पर्यंत डब्यात राहिला. या पडझडीच्या काळातच घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य म्हणून आले. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील हे वास्तव्य फार थोड्या काळाचे. पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी तिथलेच.

मला विशेष वाटते ते पुढचे. या तिघांपैकी एकानेही गुरूची नक्कल केली नाही. घटकांचा चित्रपट आक्रोश करतो. मणी कौलांचा ‘उसकी रोटी’ जवळजवळ मौनात चालतो. शहानींचा ‘मायादर्पण’ रंगांतून बोलतो. जॉन अब्राहमनी तर गावोगाव लोकवर्गणी जमवून ‘अम्मा अरियान’ (१९८६) काढला. गुरूकडून त्यांनी शैली घेतली नाही. आपल्या मनातला चित्रपट आपल्याच पद्धतीने काढण्याची हिंमत तेवढी घेतली.

घटकांचे पुढचे दिवस आजारपणाचे आणि दारूचे. तशातही १९७३ साली त्यांनी बांगलादेशात ‘तिताश एकटि नदीर नाम’ पुरा केला. शेवटच्या चित्रपटात दारूने खचलेल्या विचारवंताची भूमिका त्यांनी स्वतःच केली. स्वतःला त्यांनी सवलत दिली नाही. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या पन्नाशीत, ते गेले. १९५२ मध्ये तयार झालेला त्यांचा पहिला चित्रपट ‘नागरिक’ लोकांसमोर आला तो १९७७ साली. तो पाहायला ते नव्हते.

हे जीवन अपयशी म्हणावे काय? तिकीटविक्रीचा हिशेब तसेच सांगेल. पण चित्रपट डब्यात पंचवीस वर्षे अडकून पडू शकतो. वर्गात मनापासून सांगितलेली गोष्ट अशी अडवता येत नाही. ती ऐकणाऱ्याबरोबर दाराबाहेर पडते. आपल्या वर्गांतूनही रोज काही ना काही बाहेर पडत असते. ते काय असते, हे शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी, दोघांनीही एकदा तपासून पाहावे.