दर्याचा राजा कान्होजी आंग्रे

आमच्या वर्गाने श्रावणात ओहोळावर होड्या सोडल्या होत्या. माझी होडी पांगाऱ्याच्या लाकडाची होती. करवंदीच्या काडीची डोलकाठी आणि आजोबांच्या जुन्या धोतराचे शीड. दिसायला सगळ्यात झकास, पण पाण्यात सोडली आणि लगेच आडवी झाली. सगळी पोरं हसली. मला फार लाज वाटली. मी तिच्यात वर खडे ठेवले, तर ती आणखीच लवकर उलटली.

तेव्हा गुरुजींनी सांगितले की वजन वर नको, खाली पाहिजे. शिडाच्या मोठ्या जहाजांच्या तळाशीसुद्धा दगड नाहीतर वाळू भरतात. त्याला नीरम म्हणतात. मग त्यांनी मला कान्होजी आंग्रे यांची गोष्ट सांगितली. तीच मी इथे लिहितो.

कान्होजींचा जन्म १६६९ साली झाला. त्यांच्या वडिलांचे नाव तुकोजी. ते शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी घेतली व मग तिथल्या खाडीत जहाजे बांधायला लावली. कल्याण काही आपल्याला लांब नाही. आपल्या शहापूरच्या भातसा नदीचे पाणी आणि माझ्या मामाकडच्या, म्हणजे मुरबाडच्या, काळू नदीचे पाणी उल्हास नदीला मिळून त्याच खाडीत जाते. म्हणजे माझी होडी वाहत वाहत गेली असती तर कल्याणला पोचली असती! (पण मधेच दगडाला अडकली असती.)

१६७९ साली महाराजांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वाट अडवली. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून सामान घेऊन बेटावर जायच्या. इंग्रजांची जहाजे जड, त्यांना खोल पाणी लागे, म्हणून त्यांना ह्या होड्या पकडता येईनात. तेव्हा कान्होजी दहा वर्षांचे होते. म्हणजे माझ्याएवढेच.

मोठे झाल्यावर कान्होजी सुवर्णदुर्गावर होते. तिथला किल्लेदार शत्रूला फितूर झाला, तेव्हा कान्होजींनी त्याला पकडून किल्ला वाचवला असे सांगतात. १६९८ च्या सुमारास ते मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख झाले. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे. तो किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटी लागली की चालत जाता येते.

त्यांची जहाजे दोन तऱ्हेची होती, गुराब आणि गलबत. गुराबेला दोन नाहीतर तीन डोलकाठ्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीनची सुमारे ३०० टनांची. गलबत लहान, मोठ्यात मोठे ७० टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागच्या जागी उभे राहायचे आणि गलबते वल्ही मारीत त्याच्या मागून यायची. मग काय, फजिती!

आता मला एक प्रश्न पडला. तोफा तर लोखंडाच्या नाहीतर पितळेच्या, चांगल्या जड. त्या वर ठेवल्या तर जहाज माझ्या होडीसारखे उलटणार. म्हणून खाली तळाशी वजन पाहिजे. पण फार वजन भरले तर जहाज खोल बसते, हळू चालते आणि उथळ खाडीत रुतते. म्हणजे कमी भरले तरी पंचाईत, जास्त भरले तरी पंचाईत. गुरुजी म्हणाले की तांडेलाला हे बरोबर कळावे लागते.

त्या वेळी इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी हे सगळे समुद्र आपलाच समजत. कान्होजींनी हुकूम काढला की आमच्या किनाऱ्यावरून व्यापाराला जायचे तर आमचा परवाना घ्या. इंग्रजांनी ऐकले नाही. तेव्हा १७१२ साली कान्होजींनी खुद्द मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका पकडली. तिच्यावर एक इंग्रज बाई होती. इंग्रजांनी दंडाची रक्कम भरल्यावर तिला सुखरूप परत पाठवले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. मला हे पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर आपण जकात मागितली तर चाचे कसे?

छत्रपती शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यात भांडण होते, तेव्हा कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूला होते. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्यांची समजूत घातली आणि ते शाहू महाराजांकडे आले.

१७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, पण हात हलवीत परत गेले. मग त्यांनी एक तरंगता तोफखाना बांधला. सपाट तळ, जाड जाड फळ्या, मोठ्या तोफा. त्यांना वाटले, आता कान्होजी शरण येणार. १७२० साली तो विजयदुर्गावर आणला. पण तोफांची भोके इतकी खाली ठेवली होती की तोफा वर उचलता येईनात आणि गोळे जवळच पाण्यात पडले! हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. मी गुरुजींना तो दोनदा सांगायला लावला. मोठ्या माणसांचीसुद्धा होडी चुकते.

१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. शाहू महाराजांनी मदतीला फौज पाठवली. तरी तोही डाव फसला. कान्होजी जिवंत होते तोवर कोणालाही कुलाबा घेता आला नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे. मुंबईला आपल्या नौदलाच्या तळाला त्यांचे नाव दिले आहे, आय.एन.एस. आंग्रे. पुढे त्यांच्या मुलांमध्ये भाऊबंदकी झाली आणि १७५६ साली विजयदुर्गला आंग्र्यांचे आरमार जळाले. तेव्हा पेशव्यांनीच इंग्रजांना साथ दिली. हे वाचून मला वाईट वाटले.

माझ्या होडीचे सांगायचे राहिले. आधी मी ती कोरून तळाशी खडे घातले. पण होडी कलली की खडे एका बाजूला घरंगळत आणि ती पुन्हा आडवी. मग खडे चिकणमातीत दाबून बसवले. माती पाण्याने विरघळली. शेवटी आजोबांनी बैलाच्या पायाच्या दोन जुन्या पत्र्या दिल्या. त्या मी तळाला खालून खिळ्यांनी ठोकल्या. आता ती वाऱ्याने कलते, पण परत उभी राहते. ती वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. पालकांनी हातात घेऊन बघितली तरी चालेल, पण पत्र्या कोणी काढू नका.