मामाची चेन सॉ आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

मागच्या मे महिन्यात सबमिशनच्या कचाट्यातून सुटलो आणि थेट मुलुंडला मामाकडे गेलो. मामाच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे काय, एक व्हाइस, एक ग्राइंडर, जुन्या स्पेअर्सचे डबे आणि खिळ्यांना टांगलेल्या पेट्रोलवरच्या करवती, म्हणजे चेन सॉ. पावसाळ्याआधी फांद्या छाटणाऱ्या कंत्राटदारांची माणसं घाटकोपर, भांडुप, पार बोरिवलीहून इथे येतात.

त्यातली एक सॉ मामाने माझ्यावर सोपवली. आपण पडलो मेकॅनिकलवाले! नुसती धार लावून काय देणार? साखळीच्या प्रत्येक दात्यापुढे एक बारीक उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल शिरणार, ते तो ठरवतो. दोघांच्या उंचीत साधारण 0.65 मि.मी. फरक ठेवतात. मी कानस घेऊन तो उंचवटा घासला आणि फरक जवळपास दुप्पट केला. आता कशी सपासप कापेल बघा! पहिल्याच ओंडक्यावर सॉ उसळली, इंजिन गुदमरून बंद. हात शाबूत राहिले हे नशीब. मामा ओरडला नाही. वेग वाढवून हवाय असं तुला कोण म्हणालं होतं, एवढंच त्याने विचारलं. मी गप्प. मग त्याने मला त्याच्या आवडत्या माणसाची गोष्ट सांगितली. पुढे लायब्ररीत बसून मी ती नीट वाचून काढली.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर जन्मले 20 जून 1869 रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. वडील वेदांती, पण पोराला चित्रांचा आणि यंत्रांचा नाद. 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले. तिथे कळलं की काही रंगांमधला फरक आपल्याला दिसतच नाही. चित्रकाराचं करिअर तिथेच खल्लास. (आपण एका केटीने आठवडाभर जेवत नाही!) रंग गेले, रेघ मात्र हातात होती. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. ही संस्था तेव्हा माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती. शिकवून झालं की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं खोलून बघत, जोडत. मुंबईत नवलाईची असलेली सायकलसुद्धा त्यांनी घेतली, चालवायला शिकले आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे सायकली पाठवायला लागले. 1888 मध्ये तिथे किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लागली, ती सायकलच्या दुकानावर.

पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला निघून गेले. विक्री आणि दुरुस्ती करता करता शेतकऱ्याच्या कामाचं काहीतरी बनवायचं त्यांनी ठरवलं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. गड्याने कोयत्याने तुकडे करत बसायचं, त्याऐवजी चाक फिरवलं की पात्याखाली कडबा पुढे सरकतो आणि कुट्टी होऊन पडते. ढोराला अख्खं ताट टाकलं तर ते पाला खातं आणि बुडखा तुडवतं. कुट्टी केली की वैरण वाया जात नाही.

मग लोखंडी नांगर. इथे खरी परीक्षा झाली. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! माल पडून, भांडवल अडकलेलं. जे खपले त्यांचीही तक्रार आली, की फाळ विलायती नांगराच्या फाळाइतका टिकत नाही. मी असतो तर म्हणालो असतो, तुमची जमीनच दगडी. लक्ष्मणराव तक्रार घेऊन भट्टीशी बसले आणि फाळ सुधारला. ओतीव लोखंड मऊ राहिलं तर झिजतं आणि फार कडक झालं तर ठिसूळ होऊन तुटतं. मटेरियल सायन्सला आपण हे दोन मार्कांसाठी लिहितो. त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रश्न होता.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी त्यांची जागा हवी झाली. कारखाना उचलायचा कुठे? औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचं काम त्यांच्याकडे होतं, त्यातून तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी स्नेह जमला होता. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. 10 मार्च 1910 ला मूठभर माणसं बायकापोरांसह तिथे उतरली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडच्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर ओतले गेले. हे वाचताना मी खरंच पुस्तक मिटून बसलो होतो. पुढे 1920 मध्ये पब्लिक लिमिटेड कंपनी झाली, नंतर पंप आणि इंजिनं आली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

माझ्या सॉचं काय झालं? घासलेली साखळी बाद झाली, तिचे पैसे माझ्या पॉकेटमनीतून गेले. दुसऱ्या दिवशी सॉचा मालक आला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याला विचारलं, दादा, त्रास काय होतो? त्याला वेग नकोच होता. झाडावर दोरीने बांधून घेतल्यावर सॉ एका ओढीत चालू होत नाही आणि 18 इंची बार जड पडतो, हे त्याचं दुखणं. शिळ्या पेट्रोलने कार्बोरेटरचा पडदा कडक झाला होता. तो बदलला, 14 इंची बार आणि त्याला बेताची साखळी चढवली. तो शेडबाहेर जाऊन दोरी ओढून आला. दोन ओढी लागल्या.

मामा म्हणाला, अजून एक कमी कर.